कोनाडा कुणी ठरवला? परिसरशास्त्रातला 'निश' आणि माणसांची जगण्याची वाटणी

सड्यावरचा (धागाकर्ता)

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. परिसंस्थेच्या धड्यात 'निश' हा शब्द येतो. पोरांना तो चटकन पकडता येत नाही, म्हणून मी वर्गात कोनाडा म्हणतो. जुन्या घराच्या भिंतीत असायचे तसे. एकात दिवा, एकात देव, एकात आजीची मिसरीची डबी. प्राणी कुठे राहतो तो त्याचा अधिवास. तो तिथे काय खातो, कुठल्या वेळी बाहेर पडतो, किती ऊन-पाणी सोसतो, कुणाला भितो, हे सगळं मिळून त्याचा कोनाडा.

गेल्या महिन्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या गावात मेंढरं एकांची, मडकी दुसऱ्यांची, टोपल्या तिसऱ्यांच्या. हे पण कोनाडेच का?" तास संपत आला होता. मी "हो, तसंच म्हण" म्हणालो आणि फळा पुसला. तेव्हापासून ते उत्तर मला टोचतंय. म्हणून हा धागा.

आधी शास्त्रातलं सांगतो. गॉझ या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन प्रजाती त्याने एकाच नळीत, एकाच खाद्यावर वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या की दोन्ही मजेत वाढत. एकत्र ठेवल्या की ऑरेलिया टिकायची आणि कॉडॅटम संपायची. मग त्याने कॉडॅटमबरोबर बर्सारिया ही तिसरी प्रजाती ठेवली. ती तळाशी बसलेलं यीस्ट खाते, कॉडॅटम वरच्या पाण्यातले जिवाणू खाते. दोन्ही टिकल्या. म्हणजे एकाच कोनाड्यात दोघं फार काळ नांदत नाहीत, पण थोडं वरखाली सरकलं तर नांदतात. १९५८ साली मॅकआर्थर या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्प्रूसच्या झाडांवर किडे टिपणाऱ्या पाच वार्बलर पक्ष्यांचा अभ्यास मांडला. वरवर पाहता पाचही एकच काम करणारे. त्याने नीट पाहिलं तर कुणी शेंड्याला, कुणी मधल्या फांद्यांत, कुणी बुंध्याजवळ. झाड एकच, पण त्याची वाटणी झालेली.

आता माणसांचं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ साली जातिव्यवस्थेकडे याच नजरेने पाहणारा निबंध लिहिला. त्याच सुमाराला त्यांचा महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीवरचा अभ्यासही आला. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले. तिघांच्या वाटा त्याच माळरानांतून जाणाऱ्या. फासेपारधी फास लावून काळवीट आणि तितर-लाव्यांसारखे पक्षी धरत. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने ते हरणांच्या कळपाजवळ जात. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर असे छोटे मांसाहारी प्राणी पकडत, शिवाय ओढ्या-नदीतले मासे, खेकडे, कासवं. रान एकच, हत्यार वेगळं, शिकार वेगळी. मॅकआर्थरचे पक्षी आणि हे तीन समाज शेजारी ठेवले की थक्क व्हायला होतं.

पण या मांडणीत काहीतरी राहून जातंय असं मला वाटतं. काय राहतंय ते नेमकं पकडता येत नाही. तुमच्या भागातली, तुमच्या घरातली उदाहरणं सांगा, आणि चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

घाटमाथा

सर, मी गवळी धनगर. आमचा वाडा कोयनेच्या वरच्या अंगाला. तुम्ही ज्यांची नावं घेतली त्या दोघांनी आमच्या समाजावरही लिहिलंय, १९८२ साली. त्यांनी जे मांडलं ते मी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

खोऱ्यात आणि खालच्या उतारावर कुणबी. भात, नाचणी, वरी त्यांची. आम्ही वर, सड्यांवर आणि माथ्याच्या सपाटीवर, म्हशी घेऊन. एका वाड्यात चार-सहा घरं, कारण त्याहून जास्त म्हशींना आसपासचं रान पुरत नाही. दूध खाली नेईपर्यंत नासायचं. म्हणून ताक घरात प्यायचं आणि लोणी खाली न्यायचं. लोण्याच्या बदल्यात दाणा. आजोबांचं एक ठरलेलं घर होतं खाली. त्या घरात लग्न असलं की लोणी आमचं जायचं, आणि आमच्याकडे कुणी गेलं तर भात तिकडून यायचा.

शिकारीचं पण तसंच. कुणबी शिकार करत, सणाला रान उठवत. आमच्यात शिकार जवळजवळ नाहीच. दुधातुपावर अंग पोसलेलं, मग जनावर मारायची गरज काय? आजी म्हणायची, "ज्या रानात म्हस चरते त्या रानाशी वैर नको."

आता पुढचं. धरण झालं, १९६०च्या दशकात पाणी भरलं. खालची गावं उठली, त्यांना लांब जमिनी मिळाल्या. आमचा वाडा पाण्याच्या वर होता, म्हणून बुडाला नाही. कागदावर आम्ही धरणग्रस्त नव्हतो. पण लोणी घेणारं घरच राहिलं नाही. आजोबा दोन वर्षं लोणी डोक्यावर घेऊन दुसऱ्या बाजूला चिपळूणकडे उतरत होते. मग थकले.

तुमच्या भाषेत सांगायचं तर कुणीही आमच्या कोनाड्याला हात लावला नाही. शेजारचा कोनाडा पाडला, आणि आमच्या कोनाड्याचा उपयोग संपला. याला शास्त्रात काही नाव आहे का?

सड्यावरचा

घाटमाथा, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. स्पर्धेबद्दल आम्ही खूप शिकवतो, परस्परावलंबनावर एक परिच्छेद. फुलाला भुंगा लागतो तसं तुमच्या लोण्याला ते भाताचं घर लागत होतं. एक प्रजाती गेली की तिच्यावर टेकलेली दुसरी मागोमाग जाते, त्याला सहविलोपन म्हणतात. पण तुमच्या आजोबांनी लोणी डोक्यावर घेऊन दुसरा घाट उतरायला घेतला. भुंग्याला ते इतक्या लवकर जमत नाही.

दिठी

या विषयाचं मूळ पाहायचं तर स्वातच्या खोऱ्यात जावं लागेल, आजच्या पाकिस्तानच्या उत्तरेला. फ्रेडरिक बार्थ या नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञाने १९५६ साली तिथल्या तीन समाजांवर निबंध लिहिला. निश ही कल्पना माणसांना इतक्या नेमकेपणाने लावणारा तो सुरुवातीचा अभ्यास.

पठाण खालच्या, रुंद, सिंचनाच्या खोऱ्यात. कोहिस्तानी वरच्या डोंगराळ भागात, शेती आणि गुरं दोन्ही सांभाळणारे. गुज्जर मुख्यतः गुराखी. बार्थचा प्रश्न साधा होता: पठाण लढवय्ये, संघटित, खालून वर सरकत गेलेले, मग ते एका विशिष्ट ठिकाणी का थांबले? त्याचं उत्तर असं की त्यांची सीमा जवळजवळ तिथेच थांबते जिथे वर्षाला दोन पिकं घेणं थांबतं. त्यांच्या समाजात जमीनदार, त्यांची पुरुषमंडळींची बैठक, कारागीर, कुळं हे सगळं पोसायला दोन पिकांचं धान्य लागायचं. एका पिकावर तो डोलारा उभा राहत नाही. तलवारीने वर जाता आलं असतं, पण वर राहून पठाण म्हणून जगता आलं नसतं.

आणि गुज्जर? पठाणांच्या मुलखात ते गुराख्याचं काम करणारा एक गट म्हणून त्या समाजरचनेत बसले. कोहिस्तानात ते काही भागात आहेत, काही भागात नाहीत. जिथे हिवाळ्यातला चारा कमी पडल्यामुळे कोहिस्तान्यांना फार गुरं ठेवता येत नाहीत, तिथे उन्हाळ्यातली उंचावरची कुरणं उरतात, आणि त्या उरलेल्या कुरणांवर गुज्जर येतात. जिथे कोहिस्तानी स्वतःच ती कुरणं पुरेपूर वापरतात, तिथे गुज्जर नाहीत.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की बार्थने कोनाडा नुसत्या हवा-पाण्यावरून काढला नाही. पठाणांची सीमा हवामानाने आखली खरी, पण ती त्यांच्या समाजरचनेच्या भुकेमुळे. त्याच जमिनीवर कमी भुकेचा समाज राहू शकतो, राहतोच.

फुलबाजार

मी दादरला लहानाचा मोठा झालो. एकच फुटपाथ दिवसात तीनदा बदलताना पाहिलाय. अंधार असताना फुलांच्या पाट्या, शाळेच्या वेळेला भाजी, संध्याकाळी कपडे आणि कानातली. भाजीवाली मावशी येईपर्यंत फुलवाला स्वतः पाणी मारून जागा धुऊन द्यायचा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. वाटणी जागेची नसून वेळेची असते हे मला तिथे कळलं. घुबड आणि ससाण्यासारखं.

पालावरची

वाचत होते. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

सर, तुमच्या विद्यार्थिनीने "टोपल्या तिसऱ्यांच्या" म्हटलं ना, ते तिसरे म्हणजे आम्ही. मी कैकाडी समाजातली. बुरूड बांबूचं काम करतात. आमचं काम तरवड, निरगुडी, तुरकाट्या यांच्या फोकांचं: डाल्या, कणग्या, टोपल्या. बांबूला आम्ही हात लावायचा नाही, फोकाला ते लावत नाहीत. तुमच्या वार्बलर पक्ष्यांइतकी स्वच्छ वाटणी. आई ओली फोकं दातात धरून वळवायची, तिचे पुढचे दात झिजलेले होते.

आता माझं म्हणणं. तुम्ही सगळे या वाटणीकडे बघून थक्क होता. मला भीती वाटते. पक्षी शेंड्यावर जातो कारण तिथे त्याला किडे मिळतात. त्याला खालच्या फांदीवरून कुणी हाकललं, तर पंखाने उडून तो दुसऱ्या झाडावर जाईल. आम्हाला गावाच्या शिवेवर तीन दिवसांच्या वर पाल ठोकू द्यायचे नाहीत. विहिरीवर पाणी वाढून घ्यायचं, आपण शेंदायचं नाही. शेत घ्यायला पैसा नव्हता, आणि पैसा असता तरी विकणारा कोण होता? राहिलं काय, तर ओढ्याकाठची कुणाचीच नसलेली झुडपं. म्हणून तरवड. तो आमचा कोनाडा होता असं म्हणू नका. बाकी सगळी भिंत दुसऱ्यांनी घेतल्यावर जी खाच उरली ती आमची.

आणि कुंपण तर खरोखरचं होतं. १८७१ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे आमच्या लोकांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत ठेवलं. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. फिरून टोपल्या विकणाऱ्या माणसाला फिरायला बंदी. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, म्हणून आम्ही विमुक्त. फासेपारध्यांची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरली. हरणं कमी झाली होती हे मला मान्य आहे. पण ती सगळी फासात गेली का? माळरानं नांगरली कुणी, बंदुका कुणाकडे होत्या?

बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय की जात ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे. तुमच्या या कोनाड्यांच्या आकृतीत तो फरक कुठे दिसतो, ते मला दाखवा.

अनुराधा_के

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तुमच्या मुद्द्याला शास्त्राच्या बाजूने एक जोड देते.

वार्बलर पक्ष्याची चोच, वजन, फांदीवर लटकायची पद्धत हे त्याच्या शरीरात आहे. हजारो पिढ्यांच्या निवडीने आलेलं. कैकाडी बाईच्या हातात असं काहीही नाही ज्यामुळे तिला बांबू विणता येणार नाही. एका मोसमात शिकेल. म्हणजे पक्ष्यांमध्ये कोनाड्याची सीमा शरीर सांभाळतं, माणसांमध्ये ती नियम सांभाळतात: रोटी-बेटी, सोवळं, पाटलाचा शब्द, पोलिसाची वही. गाडगीळ-मल्होत्रांनी जातींची तुलना प्रजातींशी केली ती बेटीबंदीमुळे. ज्ञान आणि धंदा गटातच राहतो म्हणून. तुलना म्हणून ती उपयोगी आहे. पण बेटीबंदी हा निसर्ग नव्हे. जिथे सीमेला पहारेकरी लागतो, तिथे पहारेकऱ्याचाही अभ्यास करायला हवा. तो या साहित्यात मला कमी दिसतो.

माळढोक

पालावरची ताईंच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक बाजू मांडतो, कारण ती सुटायला नको.

गाडगिळांचा मुख्य मुद्दा संयमाचा होता. एखाद्या साधनावर एकाच गटाचा हक्क असेल आणि तो हक्क नातवंडांपर्यंत टिकणार असेल, तर तो गट ते साधन जपून वापरतो. फासात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी सोडून देत, असं त्यांनी नोंदवलंय. आज तू सोडलंस तर उद्या दुसरा कुणी नेणार नाही, ही खात्री असल्याशिवाय असं कुणी करत नाही. साधन सगळ्यांना मोकळं झालं, की सगळ्यात आधी जाईल त्याचं. मग सोडून देणारा वेडा ठरतो. मी माळरानावरच्या पक्ष्यांसाठी पंधरा वर्षं फिरतोय. पारध्यांइतकं माळरान ओळखणारी माणसं मला भेटलेली नाहीत. ते ज्ञान गेलं तर आपलं सगळ्यांचं नुकसान आहे.

पालावरची

दादा, ज्ञान जपा. मी नाही म्हणत नाही. फक्त ते जपण्यासाठी पारध्याच्या पोराने पारधीच राहायला हवं, अशी अट कुणी मनातसुद्धा धरू नये. तुमच्याबरोबर जे पारधी माळावर फिरले त्यांची नावं तुमच्या पक्ष्यांच्या नोंदींत आहेत का? असतील तर मी माझे शब्द मागे घेते.

माळढोक

सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदींत नाहीत. ती चूक माझी आहे. या आठवड्यात सगळ्या वह्या काढतो आणि घालतो.

रापणकर

मी मालवणकडचो. माणसांच्या कोनाड्यांची वाटणी आमच्या डोळ्यांसमोर मोडली, ते सांगतो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. होडीने अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी ओढायचं. रापणीक माणसां लागतत, ती पण गावभरची. म्हातारी माणसं दोरी गुंडाळतात, पोरं मासळी वेचतात, आणि जाळ्याला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा निघतो. त्याच्या पुढच्या पाण्यात गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडणाऱ्या होड्या. त्याहून पुढे, खोलात, यांत्रिक नौका. खोली हीच आमची भिंत आणि खोलीप्रमाणे कोनाडे.

ट्रॉलर आले तेव्हा गोव्यात रापोणकारांनी सत्तरच्या दशकात मोठं आंदोलन केलं. त्यातूनच पुढे किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक मच्छीमारांना राखून ठेवणारे कायदे आले, महाराष्ट्राचा १९८१चा. मग पर्ससीन आली. थवा दिसला की भोवती जाळं फिरवायचं, खालून पिशवीसारखं आवळायचं, आख्खा थवा वर. बांगडा-तारली किनाऱ्याकडे यायच्या आतच उचलली जाते. रापणीला समुद्रात जाता येत नाही, मासळीने किनाऱ्याला यावं लागतं. ५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, मोसम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता केला. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ला बंदी घातली. कायदा आहे. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दिवेही दिसतात.

पालावरची ताईंचं वाचून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही आमच्या कोनाड्यासाठी भांडतो, तो राखा म्हणतो. त्या म्हणतात, त्या कोनाड्यातून बाहेर पडू द्या. दोघंही बरोबर कसे? मी रात्रभर विचार केला. माझा मुलगा इंजिनिअर झाला, त्याला कुणी अडवलं नाही. मी रापणीवर आहे कारण मला ती आवडते. मला दार उघडं आहे आणि मी आत बसलोय. त्यांचं दार बाहेरून लावलेलं होतं.

घाटमाथा

रापणकर काका, हे मी लिहून ठेवलं.

सड्यावरचा

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण जुनी पुस्तकं पुन्हा काढली. मुलीला घाईत जे सांगितलं त्यात काय राहिलं होतं ते आता बोट ठेवून दाखवता येईल असं वाटतं. पालावरची ताईंनी आकृतीत फरक दाखवा म्हटलं होतं. प्रयत्न करतो.

हचिन्सन या परिसरशास्त्रज्ञाने १९५७ साली कोनाड्याचे दोन भाग केले. एक मूलभूत: अडवणारं कुणी नसतं तर तो जीव जिथे जिथे जगू शकला असता ते सगळं. दुसरा प्रत्यक्ष: इतरांच्या रेट्यानंतर त्याच्या वाट्याला उरलं ते. आपण रानात जे पाहतो ते नेहमी दुसरं असतं. पहिलं नुसतं पाहून कळत नाही.

मग ते कळायचं कसं? कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ते करून पाहिलं, १९६१ साली प्रसिद्ध झालं. खडकाला चिकटणाऱ्या बार्नकल या कवचवाल्या समुद्री जिवाच्या दोन प्रजाती. एक चणीने लहान, ती खडकाच्या वरच्या, कोरड्या पट्ट्यात. दुसरी दांडगी, ती खालच्या ओल्या पट्ट्यात. बघणारा सहज म्हणेल की लहानीला कोरडं मानवतं. कॉनेलने काय केलं, खालच्या काही खडकांवरून दांडगी प्रजाती खरवडून काढली. लहानीची पिल्लं खालीही येऊन चिकटतच होती. आता ती तिथे जगली, वाढली. म्हणजे तिला खालचं पाणी चालत होतं. तिथे तिला दांडगी कडेने उचकटून, वर चढून चिरडत होती. उलट बाजूने पाहिलं तर दांडगीला वर मोकळी जागा दिली तरी ती टिकत नव्हती, उन्हाने सुकून मरायची.

एका सीमेला निसर्गाने अडवलं होतं, दुसऱ्या सीमेला शेजाऱ्याने. वरून दोन्ही रेषा सारख्याच दिसतात.

पठाण जिथे थांबले ती पहिल्या प्रकारची रेषा. गवळी धनगर वर राहिले त्यात दोन्हींची सरमिसळ असावी, घाटमाथ्यांनीच सांगावं. ताईंचा तरवड ही पूर्णपणे दुसऱ्या प्रकारची रेषा. मी वर्गात दोघांना एकाच खडूने एकच रेष मारली. गाडगीळ-मल्होत्रांच्या अभ्यासातली निरीक्षणं मी आजही तितक्याच आदराने शिकवीन, पण ती प्रत्यक्ष कोनाड्याची निरीक्षणं आहेत असं सांगून. आणि रापणकर काकांच्या भांडणात बघा, पर्ससीनला खोलातही जाता येतं आणि उथळातही. रापणीला किनाराच. ज्याला दोन्हीकडे जाता येतं त्याला आवर घालणं आणि ज्याला कुठेच जाऊ दिलं नाही त्याची वाट मोकळी करणं, ही एकाच आकृतीतून निघणारी दोन कामं आहेत.

घाटमाथा

सर, आमची सरमिसळच. आजोबांना शेत आवडायचं. वाड्यामागे त्यांनी नाचणीचा एक तुकडा केला होता, तो दरवर्षी रानडुकरं खायची आणि ते दरवर्षी पुन्हा पेरायचे. चांगली जमीन खाली होती, ती आम्हाला कधी मिळणार नव्हती हे त्यांना माहीत होतं. २०१०ला व्याघ्र प्रकल्प झाल्यावर वाड्यावरची आणखी घरं उतरली. चुलतभाऊ आता पाहुण्यांना वाटा दाखवायचं काम करतो. जिथे आम्ही म्हशी सोडायचो त्याच वाटा. त्याला विचारलं, बरं वाटतं का? म्हणाला, वाटा तरी सुटल्या नाहीत.

अनुराधा_के

कॉनेलचा प्रयोग माणसांवर कुणी करत नाही, पण इतिहास अधूनमधून करतो. कायदा उठतो, शाळा उघडते, राखीव जागा येते, कुणी शहरात जातं. तेव्हा कोण कुठपर्यंत पसरलं ते मोजलं, तर मूलभूत कोनाडा किती रुंद होता ते दिसेल. समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी हे काम घ्यावं असं मनापासून वाटतं.

पालावरची

सर, तुम्ही पुस्तकं काढून बसलात, रेष बदललीत, याचं मोल मला आहे. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

दांडगी प्रजाती खरवडून काढली की लहानी खाली वाढते, हे वाचून मला माझंच आठवलं. खरवडणं कसं असतं ते सांगते, कारण ते एका दिवसात होत नाही.

मी बारावी झाले तेव्हा प्रवेशासाठी जातीचा दाखला लागला. आम्हा विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. बापाचा, आज्याचा. सातबारा, घरपट्टी, शाळेचा दाखला, काहीतरी. आम्ही पालात राहणारी माणसं. बापाचा जन्म ओढ्याच्या काठावर, कुठल्या गावच्या शिवेत ते आजीला नक्की आठवेना. शाळेत तो गेला नाही. घर नव्हतं तर घरपट्टी कुठली? बापाने टोपल्यांचं काम सोडून सहा महिने हेलपाटे घातले. एक वर्ष माझं गेलं.

शेवटी एका जुन्या दप्तरात आज्याचं नाव, जात आणि गाव लिहिलेला एक कागद निघाला. आमच्या घराण्यात कुणाचंही नाव सरकारने लिहून ठेवलेलं ते एकच. सेटलमेंटच्या हजेरीचा उतारा होता तो. त्याच कागदावर मला दाखला मिळाला, आणि त्याच दाखल्यावर मी नर्स झाले. त्याची एक प्रत माझ्या कपाटात आहे. आज्याचा अंगठा त्यावर स्पष्ट उमटलाय.